कंबर मोकळी करायची नाही, सांभाळायची

अगं, परवा फोनवर सहज बोलून गेलीस, "ताई, बॅक वॉकओव्हर करताना कंबरेत चमक भरते, म्हणून रोज जास्त कमानी टाकतेय." ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. चौदाव्या वर्षी मी हेच केलं होतं. स्पर्धा तोंडावर आलेली, म्हणून दुखणं आईपासून लपवलं, बाम चोळला आणि चक्रासनं वाढवली. एक्स-रेत काही दिसलं नाही, तर मी लगेच बीमवर परतले. सुरुवातीचा तडा एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही गं. एमआरआयमध्ये कळलं, तोवर मणक्याच्या मागच्या अरुंद हाडाला तडा गेलेला. चार महिने सराव बंद.

खरं सांगू का, तुझी कंबर आखडलेली नाहीच, ती गरजेपेक्षा जास्त वाकतेय. खुबे आणि खांदे आखडले की कमानीचा सगळा भार खालच्या मणक्यांवर येतो. त्यात या वर्षी तू केवढी उंच झालीस! हाडं आधी लांबतात, स्नायू मागून येतात.

म्हणून कमानी आजपासून बंद, आणि या आठवड्यात डॉक्टरांना दाखवायचं. पाय बधिर वाटले किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र त्याच दिवशी.

त्यांनी होकार दिला की हे कर. पलंगाच्या कडेला उताणी झोप, एक गुडघा छातीशी घट्ट धर, दुसरा पाय कडेवरून सोड. त्या पायाची मांडी गादीला टेकली नाही, तर खुब्याच्या पुढचा स्नायू आखडलाय. मग जुन्या चादरीच्या घडीवर एक गुडघा टेक, दुसरं पाऊल पुढे, ढुंगण आवळ, पोट आत घे आणि मगच जरा पुढे सरक. ताण मांडीच्या मुळाशी जाणवायला हवा. तीस सेकंद, दोन्ही बाजूंनी, तीनदा. कंबर मागे वाकली की मेहनत फुकट, म्हणून आरशासमोर कर.

आणि बघ, सलामी देताना छाती काढून, कंबर खोल करून उभी राहतेस ना, बसस्टॉपवरही तशीच असतेस. तिथे तरी बरगड्या खाली, गुडघे सैल.

सरांना काय वाटेल, हे मनात आणू नकोस. विश्रांतीच्या दिवसांतही पोटाची ताकद वाढवता येते, तू मागे पडणार नाहीस. आईला आज रात्रीच सांग. जीभ रेटत नसेल तर मी रविवारी येतेच आहे, दोघी मिळून सांगू.