शेततळ्यावर बदकाची पिल्लं आली तर

जालना जिल्ह्यात बागेतलं तळं म्हणजे शेततळंच. मोसंबी, द्राक्षं, डाळिंब जगवण्यासाठी खोदलेलं आणि पाणी मुरू नये म्हणून आतून प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं. २०१२-१३ च्या दुष्काळात कडवंचीसारख्या गावातल्या बागांना या तळ्यांनी तारलं. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि बदनापूर-अंबडपासून भोकरदन-जाफराबादपर्यंत शेततळी वाढत गेली. पाणी आलं की त्यामागे पाणपक्षीही येतात. पोळ्याच्या आगेमागे मोटार चालू करायला गेलेल्या माणसाला एखाद्या सकाळी तळ्यात एक तपकिरी बदक आणि तिच्यामागे आठ-नऊ पिल्लं दिसतात.

आपल्या वावरातल्या पाण्यावर रानबदक पिल्लं वाढवतंय, हे भाग्यच म्हणायचं. पुढचे दीड-दोन महिने ते रोज पाहता येतं. पण कागदाच्या तळ्यात पिल्लू सहज उतरतं, त्याला वर मात्र येता येत नाही. म्हणून आधी तळ्याची सोय करायची आणि मग दुर्बीण हातात घ्यायची. हा क्रम बदलू नका.

पिल्लं कोणाची?

थंडीत घाणेवाडीच्या जलाशयावर किंवा पैठणच्या नाथसागरावर जे मोठाले थवे उतरतात, ते थापट्या, तलवार बदक, भुवई बदक वगैरे उत्तरेकडचे पाहुणे. ते इथे अंडी घालत नाहीत. पावसाळ्यात पिल्लं दिसली तर ती इथल्याच रहिवासी बदकांची असतात, आणि बहुतेक वेळा ते हळदी-कुंकू बदक असतं. काळ्या चोचीचं टोक पिवळं, चोचीच्या बुडाशी लाल ठिपके, अंगावर खवल्यांसारखी तपकिरी नक्षी, पाय नारिंगी-लाल. नर-मादी जवळपास सारखेच दिसतात. नर थोडा मोठा आणि त्याचे लाल ठिपके ठसठशीत असतात. पिल्लं वरून काळपट-तपकिरी, खालून पिवळी, आणि डोळ्यावरून गेलेली गडद रेघ.

शिट्टी मारल्यासारखा आवाज करत उडणारं, लालसर-तपकिरी, लांब मानेचं बदक असेल तर ती अडई. अडई झाडाच्या ढोलीतही अंडी घालते आणि तिच्यात नर-मादी दोघंही अंडी उबवतात. तिच्या पिल्लांसोबत दोन मोठे पक्षी दिसणं म्हणूनच साहजिक आहे. हळदी-कुंकू बदकात उबवणं आणि सांभाळणं हे काम मुख्यतः मादीचं.

फसगत होते ती टिबुकलीच्या बाबतीत. टिबुकली बदकाहून कितीतरी लहान, चोच टोकदार, सारखी बुडी मारणारी. तिच्या पिल्लांच्या डोक्यावर पट्टे असतात आणि ती आईच्या पाठीवर बसून फिरतात. पिल्लू आईच्या पाठीवर दिसलं तर ते बदकाचं नाही असं समजायला हरकत नाही. काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा वारकरी आणि त्याची लालसर डोक्याची पिल्लं हेही शेततळ्यापेक्षा जुन्या गावतळ्यावर, पाणवनस्पतींच्या आधाराने जास्त भेटतात.

कागदावरून वर यायची वाट

नव्या पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते. पाण्यात फार वेळ राहिलं की ती भिजते. मग आई त्यांना काठावर घेते, पंखाखाली दडवते, अंग कोरडं आणि गरम झालं की पुन्हा पाण्यात सोडते. दिवसभरात हे कितीदा तरी चालतं. काठावर येताच आलं नाही, तर पिल्लं गारठून मरतात. बदक पाण्यात बुडेल कसं, असं लोकांना वाटतं आणि इथेच घात होतो.

पिल्लू वर यायची धडपड कशी करतं हे एकदा जवळून बघण्यासारखं आहे. पिल्लू दोन्ही पाय फाकवून कागदावर चढतं, वीतभर वर येतं, पायाचे पडदे सपाट पसरतात, नखांना धरायला काही सापडत नाही आणि ते पोटावर घसरत पुन्हा पाण्यात जातं. आई वरून बोलावत असते. पिल्लं काठाकाठाने पोहत कोपऱ्यात जमतात आणि तिथेच पुन्हा प्रयत्न करत राहतात.

म्हणून वाट द्यायची ती कोपऱ्यात किंवा कोपऱ्याला लागून. खताची गुळगुळीत प्लॅस्टिकची पोती चालत नाहीत, त्यांवरूनही पाय सरकतो. तागाची गोणपाटं घ्या, एकमेकांना जाड सुतळीने शिवून दोन फूट रुंदीची लांब पट्टी करा. वरचं टोक तळ्याच्या माथ्यावर, कागद जिथे चर खोदून दाबलेला असतो, तिथे मातीत पुरा किंवा वाळूच्या पोत्याखाली दाबा. खिळा, खुंटी, तार असलं काही कागदात ठोकू नका, गळती लागेल आणि मग पिल्लांवर राग निघेल. खालच्या टोकाला वाळू भरलेली गोणी शिवा म्हणजे पट्टी पाण्यात तरंगत राहणार नाही. पट्टी पाण्याच्या पातळीच्या खाली निदान तीन-चार फूट जायला हवी, कारण मोटार चालली की पाणी उतरतं आणि आखूड पट्टी दोन दिवसांत कोरडी लोंबकळत राहते. गोणपाट नसेल तर बांबूची तट्टी किंवा काथ्याची चटई चालते. मोठ्या भोकांची नायलॉनची जाळी मात्र अजिबात नको, तिच्यात पाय अडकतात.

तळं मोठं असेल तर दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन वाटा करा. २०१६ च्या योजनेतल्या सर्वांत मोठ्या तळ्याचा आकार ३० मीटर बाय ३० मीटर आणि खोली ३ मीटर होती. एवढ्या अंतरावर एका दिवसाच्या पिल्लाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पळवणं योग्य नाही. शिवाय ही गोणपाटाची वाट तळ्यात पडलेल्या मांजराला, सरड्याला आणि वेळ आली तर माणसालाही कामी येते.

त्यासोबत एक तराफा बांधला तर उत्तम. चार बांबू, खाली घट्ट झाकणाचे रिकामे कॅन, वर तट्टी आणि तिच्यावर गवताचा थर. एक कड पाण्याला टेकलेली उतरती ठेवा, नाहीतर पिल्लं चढणार कशी? तराफा दोरीने मध्यभागाकडे राहील असा बांधा. कुत्र्या-मांजरांपासून लांब बसायला ही सर्वांत सुरक्षित जागा.

कुंपण काढू नका. लहान मुलं आणि जनावरं तळ्यात पडण्याचा धोका खरा आहे आणि कुंपण त्यासाठीच असतं. फक्त गोणपाटाच्या वाटेसमोर जाळी खालून वीतभर मोकळी ठेवा. मोटारीच्या फुटव्हॉल्व्हला बारीक जाळीचा पिंजरा नसेल तर बसवून घ्या. तळ्यात मासे सोडलेले असतील तर टाकून ठेवलेली माशांची जाळी दोन महिने बाहेर काढा. आणि फवारणीचा पंप तळ्याच्या पाण्यात धुऊ नका. पहिल्या काही आठवड्यांत पिल्लं पाण्यावरचे किडे, डासांच्या अळ्या, बारीक गोगलगाई यांवरच वाढतात. औषधाने किडा मेला की पिल्लाचं जेवण गेलं, आणि विषारी किडा पोटात गेला तर पिल्लूच गेलं.

घरटं सापडलं तर

हळदी-कुंकू बदक घरटं जमिनीवर करतं. पाण्यापासून थोडं दूर, धुऱ्यावरच्या उंच गवतात, बेशरमीच्या झुडपात, कधी पाझर तलावाच्या भरावावर. खोलगट जागी गवत आणि मादीच्या अंगची मऊ पिसं. सात ते नऊ अंडी नेहमीची, कधी अधिक. मादी रोज एक अंडं घालते आणि सगळी घालून झाल्यावरच उबवायला बसते. म्हणून सगळी पिल्लं जवळपास एकाच वेळी बाहेर पडतात. याचा अर्थ असा की सुरुवातीच्या आठवड्यात घरट्यात अंडी आहेत आणि आई दिवसभर गायब आहे, हे अगदी बरोबर चाललेलं असतं. अंडी बेवारस समजून घरी आणून कोंबडीखाली ठेवणारे लोक चांगल्या मनाने वाईट काम करतात. पुढे उबवणं साडेतीन-चार आठवडे चालतं. तेव्हाही ती सकाळ-संध्याकाळ खायला उठते आणि जाताना अंडी पिसांनी झाकून जाते.

निंदणी किंवा गवत कापणी करताना घरटं दिसलं तर त्याच्याभोवतीचं दहा-पंधरा पावलांचं गवत तसंच राहू द्या. मजुरांना आणि गुराख्याला सांगून ठेवा, पण खूण म्हणून तिथे काठी-फडकं लावू नका. कावळा अशी खूण माणसाआधी ओळखतो. पुन्हा पुन्हा त्याच पायवाटेने बघायला गेलात तर मुंगूस आणि कुत्रा त्या वासावर घरट्यापर्यंत पोचतात. एकदा पाहिलं, पुरे.

कसं पाहायचं

पिल्लं अंड्यातून निघाल्यावर दिवसभराच्या आत आई त्यांना पायी पाण्याकडे नेते. ही वाट सोयाबीनच्या ओळींतून, कपाशीखालून, कधी गाडीवाटेवरून जाते. वाटेत दिसली तर ट्रॅक्टर थांबवा, कुत्रा धरून ठेवा आणि जाऊ द्या. उचलून तळ्यात सोडण्याची घाई नको. आई भिऊन उडाली तर पिल्लं विखुरतात आणि मग एकेक गोळा करणं तिलाच जड जातं.

तळ्यावर एकच जागा ठरवा. आखाड्याची सावली, मोटारीच्या खोलीचा आडोसा किंवा झाडाखालची खाट, काहीही चालेल. रोज त्याच जागी, साधारण त्याच कपड्यांत, त्याच वेळी बसा. सूर्य उगवल्यानंतरचा तास आणि मावळण्याआधीचा तास सर्वांत चांगला. काठावर उभं राहून आकाशासमोर आपली आकृती दिसू देऊ नका, बसून पाहा. ८ बाय ४२ ची दुर्बीण पुरते.

अंतर किती ठेवायचं हे बदकच सांगतं. आई मान ताठ करून स्थिर झाली, पिल्लं तिच्याभोवती घट्ट गोळा झाली, तर तुम्ही जास्त जवळ आहात. मागे सरका. ती पाण्यावर पंख आपटत, जखमी असल्यासारखी लांब जाऊ लागली तर ते सोंग असतं, तुम्हाला पिल्लांपासून दूर नेण्यासाठी केलेलं. तिच्यामागे जाऊ नका, त्या वेळी उठून निघून जाणंच बरं. याउलट ती चोचीने पिसं साफ करतेय, शेपूट वर करून डोकं पाण्यात घालतेय आणि पिल्लं इकडेतिकडे पसरलीत, तर सगळं ठीक आहे.

वहीत तारीख, वेळ, पिल्लांची संख्या, पाण्याची पातळी लिहा. मोजणी काठावर विसावताना किंवा गोणपाट चढताना करा, गवतात शिरल्यावर आकडा चुकतो. पहिल्या पंधरवड्यात संख्या घटत जाते. निम्मी पिल्लं उरणं हेही बदकांत नवलाचं नाही. घार, कावळा, मुंगूस, घोरपड यांनाही जगायचं आहे, त्यांच्यामागे दगड घेऊन धावू नका. गावातली मोकाट आणि आपली पाळीव कुत्री ही मात्र आपली जबाबदारी, ती बांधायलाच हवीत.

पहिला आठवडा नुसता लवेचा गोळा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अंग लांबट होतं, मान वाढते. मग खांद्यावर आणि कुशीला खरी पिसं फुटतात, चेहऱ्यावर आणि मानेवर मात्र लव रेंगाळते. सहाव्या आठवड्यात लांबून ती आईसारखीच दिसतात, पण पंख अजून अपुरे. सात-आठ आठवड्यांनी उडू लागतात. विणीनंतर मोठी बदकंही पंखातली उडण्याची पिसं एकदम टाकतात आणि काही आठवडे त्यांनाही उडता येत नाही. उडत नाहीत म्हणून आजारी समजून पकडायला जाऊ नका.

खायला काही घालू नका. पाव, मुरमुरे, बिस्किटं यांनी पिल्लांचं नीट पोषण होत नाही, उरलेलं पाण्यात कुजतं आणि माणसाची भीती मोडते. माणसाला न भिणारं रानबदक फार दिवस जगत नाही. इंग्लंडात घरामागच्या तळ्यांवर मॅलार्ड बदकं पिल्लं काढतात, तिथेही पक्षीप्रेमी हेच सांगतात: वर यायला उतार ठेवा, पाव देऊ नका. फोटो लांबून काढा, ड्रोन उडवू नका, आणि पिल्लं उडेपर्यंत गाव-गटासह जागा मोबाइलवर फिरवू नका.

एकटं पिल्लू सापडलं तर आधी लांब जाऊन तासभर पाहा, बहुतेक वेळा आई जवळच गवतात असते. संध्याकाळपर्यंत ती आलीच नाही, किंवा पिल्लू जखमी असेल, तर पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ फडक्यावर, अंधारात आणि उबेत ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. घरी पाळू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानबदकं, त्यांची अंडी आणि पिल्लं यांना संरक्षण आहे. अंडी उचलणं किंवा पिल्लं पकडणं हा गुन्हा आहे.

गोणपाटाच्या पट्टीला खर्च नाममात्र आणि वेळ एका दुपारचा. मृगाच्या पावसात तळं भरायच्या आधीच ती बसवा, आणि शेजारच्या तळ्याला वाट नसेल तर त्या शेतकऱ्यालाही सोबत घेऊन शिवायला बसा.