लिंबाच्या फेसाला भुलू नकोस

अगं, ढोकळ्यात घालण्याआधी सोड्यावर लिंबू पिळून बघतेस, ते बरंच करतेस. पण फसफसला की ‘सोडा चांगला आहे’ म्हणून निर्धास्त होतेस ना, तिथे जरा थांब. तो फेस सोड्यात दम आहे एवढंच सांगतो. लिंबू पिळल्यावर धुण्याचा सोडाही फसफसतो आणि चुनखडीची पूडसुद्धा!

त्यापेक्षा ग्लासभर साध्या पाण्यात सपाट चमचाभर सोडा टाकून चांगला ढवळ. खाण्याचा सोडा सगळा विरघळतो, पाणी नितळ दिसतं. तळाशी पांढरा गाळ बसला, तर काहीतरी मिसळलंय. वरचं पाणी ओतून टाक आणि गाळावर आयोडीनचा थेंब सोड. निळा-काळा रंग आला, तर तो स्टार्च. सोडा समजून बेकिंग पावडर उचलली असलीस तरी असंच होईल, कारण तिच्यात बहुधा कॉर्नफ्लोअर असतं.

धुण्याचा सोडा मात्र पाण्यात मुकाट्याने विरघळतो. त्याला हळद पकडते. सोडा नीट मिसळला नाही की ढोकळ्यावर लाल ठिपके पडतात बघ, ती हळदीचीच करामत. दोन वाट्यांत सारखंच पाणी आणि चिमूट चिमूट हळद घे. एकीत तुझा सोडा घाल, दुसरीत तेवढाच धुण्याचा. तुझ्या वाटीत केशरी-तांबूस रंग यायला हवा. धुण्याच्या सोड्याने पाणी गडद लालसर-तपकिरी होतं. खाण्याच्या सोड्याचा पीएच 8.3 च्या आसपास, धुण्याच्या सोड्याचा 11 च्या घरात, म्हणून हा फरक. दोन्ही वाट्या सारख्याच गडद दिसल्या, तर तो सोडा पोटात जाता कामा नये. आणि हो, चव घेऊन बघायच्या फंदात पडू नकोस; धुण्याचा सोडा तोंड आणि घसा पोळवतो.

डबाही शेगडीजवळ ठेवू नकोस. सोडा तापला की त्यातला वायू आणि वाफ निघून जाते आणि हळूहळू त्याचाच धुण्याचा सोडा होत जातो.

एवढं करूनही मिठाची भेसळ यातल्या कशातच सापडत नाही. म्हणून पुडीतला सुटा सोडा आणूच नकोस. सीलबंद पाकीट घे. त्यावर ‘सोडियम बायकार्बोनेट’ किंवा 500(ii) आणि एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक आहे ना, ते वाच. आणि धुण्याचा सोडा स्वयंपाकघरातून आजच बाहेर काढ.