‘ताबा’ या शब्दाच्या पलीकडे : विभक्त पालक आणि मुलांचे म्हणणे

मागील घटकात आपण न्यायालयीन मराठीचे स्वरूप पाहिले. येथे त्या भाषेतील एकच शब्द घेऊ : ‘ताबा’. ताबेपावती, ताबेगहाण हे शब्द शेतजमिनीच्या व्यवहारातून आपल्या परिचयाचे आहेत. पती-पत्नी विभक्त होतात तेव्हा हाच शब्द मुलासाठी योजला जातो. ‘अज्ञान मुलाचा ताबा अर्जदारास देण्यात यावा’ या वाक्यात देणारा आहे, घेणारा आहे. मूल मात्र कर्ता नाही.

कायदा या वाक्यापेक्षा उदार आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमाच्या कलम 17 नुसार, समजून-उमजून पसंती ठरवण्याइतके मूल मोठे असेल तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकते. 1955 च्या हिंदू विवाह अधिनियमाचे कलम 26 शक्य तेथे मुलांच्या इच्छेला अनुसरून आदेश देण्यास सांगते. मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्येच बजावले. भारताने 1992 मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेचे कलम 12 तर मुलाला आपले मत मांडण्याचा हक्कच देते. अर्थात मुलाची इच्छा हा अंतिम शब्द नव्हे. निर्णय त्याच्या हिताचा असतो, आणि शिकवून पाठवलेले उत्तर ओळखणे हे न्यायाधीशांचे काम असते.

खरी अडचण भाषेची आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील नऊ वर्षांची एखादी मुलगी न्यायाधीशांच्या दालनात म्हणते, असे समजा : “मला तिकडं करमत नाय.” नोंदीत हे ‘वडिलांकडे राहण्यास नकार’ असे उतरले, तर काय घडले? ‘करमणे’ हे क्रियापद नकार सांगत नाही. मैत्रीण नसणे, संध्याकाळ रिकामी जाणे, घराची सवय नसणे, एवढे सारे त्यात सामावते. वडिलांविषयी तिने अवाक्षरही काढलेले नाही. मनाच्या अवस्थेचा येथे थेट निकाल झाला, आणि तोही तिच्या नावावर! अशा वेळी मुलाचे शब्द त्याच्याच बोलीत, अवतरणात नोंदवावेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रश्नाची रचनाही तितकीच निर्णायक ठरते. ‘आई हवी की वडील?’ हा प्रश्न मुलावर निवाड्याचे ओझे टाकतो. ‘ताप आला की कोणाला हाक मारतोस?’, ‘दप्तर कुठे ठेवतोस?’ या प्रश्नांना मूल मोकळेपणी उत्तर देते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. मागे राहिलेले मूल आजीजवळ शाळा शिकते. त्याच्या मनातले उत्तर ‘आजी’ असेल, तर दोनच पर्यायांच्या प्रश्नात ते सांगण्याची सोयच राहत नाही. शिवाय अशा कुटुंबाला ‘दर दुसऱ्या शनिवारी भेट’ हा आदेश कागदावरच मानवतो. शनिवारी बाप कारखान्याच्या फडात असतो.

पर्यायी शब्दांचा विचार करता ‘संगोपन’ हा शब्द अधिक योग्य वाटतो. त्यात अधिकारापेक्षा काम आहे : डबा, औषध, पालकसभा. मात्र केवळ शब्द बदलून प्रश्नपत्रिका तीच ठेवल्यास फारसे काही साधणार नाही.

स्वाध्याय
1. ‘मुलाचा ताबा आईकडे देण्यात यावा’ हे वाक्य मूल कर्ता होईल अशा रीतीने लिहा. अर्थात कोणता फरक पडतो?
2. आपल्या बोलीतील ‘करमणे’सारखी तीन क्रियापदे निवडून ती प्रमाण मराठीत लिहिताना काय गळते, ते नोंदवा.