विद्युत्भार आणि विद्युत्क्षेत्र : लोकलच्या तारेच्या निमित्ताने

उपनगरांतील महाविद्यालयांत येणारे बहुसंख्य विद्यार्थी लोकलनेच प्रवास करतात. अंधेरी-बोरिवलीकडचे पश्चिम रेल्वेने, घाटकोपर-मुलुंडकडचे मध्य रेल्वेने. रुळांवरची तार सर्वांच्याच परिचयाची. तिला हात लावू नये हे लहान मूलही जाणते. परंतु हात न लावताही ती जीव घेऊ शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तारेला स्पर्श होत नाही एवढ्या भरवशावर टपावर चढणारा मुलगा प्राणास मुकू शकतो. असे का होते, हे समजण्यास पदार्थविज्ञानातील दोन कल्पना पुरेशा आहेत. कला शाखेच्या वाचकाने गणिताची धास्ती घेऊ नये. एका साध्या भागाकारापलीकडे येथे काही नाही.

प्रथम विद्युत्भार. कोरड्या केसांतून प्लॅस्टिकचा कंगवा फिरवून तो कागदाच्या कपट्यांजवळ धरा. कपटे उडून त्याला चिकटतील. केसांतील काही इलेक्ट्रॉन कंगव्यावर गेल्याने कंगवा ऋणभारित आणि केस घनभारित झाले. भार नव्याने निर्माण झाला नाही, त्याची केवळ वाटणी बदलली. सजातीय भार एकमेकांना दूर लोटतात, विजातीय भार जवळ ओढतात. हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीत करावा. जुलैमध्ये मुंबईत तो बहुधा फसतो. कारण दमट हवेमुळे वस्तूंवर पाण्याचा अतिशय पातळ थर जमतो आणि त्यावाटे भार निसटून जातो.

दोन भारांतील अंतर दुप्पट केले की त्यांच्यामधील बल एकचतुर्थांश होते, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ कूलोंब यांनी १७८५ साली मांडला. पण कपट्याला न शिवता कंगवा त्याला ओढतो तरी कसा? या प्रश्नाचे उत्तर पुढील शतकात मायकेल फॅरडे यांनी दिले. भाराच्या सभोवतालच्या जागेतच एक गुण उत्पन्न होतो; तेथे दुसरा भार आला की त्यावर बल लागते. हेच विद्युत्क्षेत्र. दोन ठिकाणांमधील विद्युत्दाबाच्या फरकाला त्यांच्यातील अंतराने भागले की क्षेत्राची सरासरी तीव्रता मिळते.

हवा एरवी विद्युत्रोधक असते. परंतु क्षेत्राची तीव्रता दर सेंटिमीटरला सुमारे ३०,००० व्होल्ट झाली की हवेतील मोकळे इलेक्ट्रॉन वेगाने धावून रेणूंवर आदळतात, त्यांतून आणखी इलेक्ट्रॉन सुटतात आणि क्षणार्धात हवाच वाहक बनते. ठिणगी पडते ती अशी. आकाशातील वीज हे याचेच विराट रूप होय.

आता आपल्या तारेकडे वळू. मुंबईत पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी धावली. त्या वेळी तारेत १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह होता. पुढे तो बदलून २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आणण्यात आला. पश्चिम रेल्वेवर हे काम २०१२ मध्ये आणि मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गांवर २०१६ पर्यंत पूर्ण झाले. वरील हिशेबाने १५०० व्होल्टची ठिणगी मिलिमीटरभर अंतरही ओलांडू शकत नाही. म्हणजे जुनी तार प्राणघातक होती खरी, पण जवळजवळ स्पर्श झाल्यावरच. प्रत्यावर्ती प्रवाहात २५,००० व्होल्टचा दाब प्रत्येक आवर्तनात सुमारे ३५,००० व्होल्टपर्यंत चढतो. म्हणून ठिणगी सेंटिमीटरहून अधिक अंतर सहज ओलांडते.

“मग दोन सेंटिमीटर दूर राहिले की झाले!” असे कोणी म्हणेल. तसे मुळीच नाही. हा हिशेब दोन सपाट पत्र्यांमधील एकसारख्या क्षेत्राचा आहे. अणकुचीदार वस्तूच्या टोकाशी क्षेत्र एकवटते आणि ठिणगी अधिक अंतरावरून पडू शकते. उंचावलेला हात, छत्रीचे टोक, धातूची सळई ही सारी अशीच टोके होत. टपावरील माणसाचे शरीर डब्यामार्फत जमिनीशी जोडलेले असते, त्यात गाडी हिंदकळते. एकदा ठिणगी पडली की तिच्या वाटेने तारेतील प्रवाह शरीरात शिरतो. म्हणूनच प्रवाह चालू असताना तारेपासून २ मीटरच्या आत काम करू नये, असा रेल्वेचा नियम आहे. पतंगाचा मांजा तारेत अडकला तर तो ओढू नये, याचेही कारण हेच.

मग त्याच तारेखाली डब्यात बसलेले आपण सुरक्षित कसे? याचेही उत्तर फॅरडे यांनीच १८३६ साली दाखवून दिले. त्यांनी धातूने मढवलेली एक खोली बांधली, तिला बाहेरून प्रचंड विद्युत्भार दिला आणि स्वतः आत जाऊन पाहिले. आत भाराचा मागमूसही नव्हता. धातूतील इलेक्ट्रॉन अशा रीतीने सरकतात की आतील क्षेत्र नाहीसे होते. लोकलचा पोलादी डबा खिडक्या-दारे असूनही बव्हंशी असेच कवच आहे, आणि तो रुळांमार्फत जमिनीशी जोडलेला असतो.

तात्पर्य, तार जेथे दिसते तेथेच तिचा प्रभाव संपत नाही. तो भोवतालच्या जागेत पसरलेला असतो. डब्याचा पत्रा जेमतेम काही मिलिमीटर जाड असतो. त्याच्या आत बसणारा निर्धास्त घरी पोहोचतो. त्याच्यावर उभा राहणारा मात्र मृत्यूच्या क्षेत्रात उभा असतो. टपावर चढू पाहणारा मित्र आढळला, तर त्याला हे आवर्जून सांगावे.