असिंक टेस्ट लिहिणाऱ्या भाच्याला मावशीचे कानमंत्र

बाळा, रस्टमध्ये असिंक-अवेट २०१९ च्या नोव्हेंबरात, १.३९ आवृत्तीत पक्कं झालं. त्याबरोबर माझ्या चुकाही पक्क्या होत गेल्या. त्या तू पुन्हा करू नयेस म्हणून हे सांगते. नव्या चुका कर की, त्याला माझी ना नाही.

१. असिंक फंक्शनवर नुसतं 'टेस्ट' लिहिलंस तर कंपायलर दारातूनच परत पाठवेल. 'टोकियो::टेस्ट' लिही — फ्यूचर आपणहून हलत नाही, त्याला ढकलणारा रनटाइम लागतो.

२. 'अवेट' राहिलं नाही ना ते बघ, आणि कंपायलरची पिवळी कुरकुर ऐकून घे — अवेट नसेल तर काहीही न होता टेस्ट हिरवी होऊ शकते. गॅस न पेटवता शिट्ट्या मोजू नयेत.

३. '१०० मिलिसेकंद पुरतील' म्हणत स्लीप टाकू नकोस; काम झाल्याची खूण वनशॉट चॅनेलवर मागून घे — तुझ्या लॅपटॉपवर पुरलेला वेळ दमलेल्या सीआय मशीनवर पुरत नाही. अंदाजाचं मीठ पाहुण्यांसमोरच कळतं.

४. वेळेचीच टेस्ट असेल तर 'टेस्ट-युटिल' फीचर घे आणि 'स्टार्ट_पॉज्ड' चालू कर — सगळे टायमरची वाट बघत बसले की टोकियो घड्याळ स्वतःच पुढे ढकलतं, तासाची वाट क्षणात संपते. खऱ्या नेटवर्कबरोबर मात्र हे नको, उत्तर येण्याआधीच घड्याळ पळतं.

५. असिंक टेस्टमध्ये 'थ्रेड::स्लीप' नको — वेगळं सांगितलं नाहीस तर टोकियोची टेस्ट एकाच थ्रेडवर चालते, आणि तो झोपला की अख्खं घर झोपलं.

६. स्पॉन केलेल्या टास्कचं हँडल जपून ठेव, शेवटी अवेट करून अनरॅप कर — आतला पॅनिक हँडलमध्येच अडकतो, टेस्टला पत्ता लागत नाही. दावं सोडलं की वासराची बातमी शेजारीच देतात.

७. अडकू शकेल अशा प्रत्येक अवेटला टाइमआउट गुंडाळ — कार्गो टेस्ट ६० सेकंदांनी 'अजून चालू आहे' एवढंच सांगते, थांबवत नाही. मी एकदा रात्रभर बसले होते. तू आपला वेळेवर जेव.

८. पोर्ट ८०८० ठोकून लिहू नकोस; शून्य माग आणि मिळालेला नंबर लिसनरलाच विचार — टेस्ट एकाच वेळी पळतात, आणि एका पाटावर दोघी बसल्या की ताट सांडतंच.

९. स्टँडर्ड म्यूटेक्सचं गार्ड धरून अवेट करू नकोस — स्पॉनमध्ये कंपायलर ओरडतो, पण 'जॉइन'मध्ये गप्प राहतो. मग दुसरं फ्यूचर कुलपाशी थ्रेड अडवून बसतं आणि किल्लीवाल्याला परत यायला वाटच उरत नाही.

१०. टेस्ट हिरवी झाली की लगेच हुरळून जाऊ नकोस. कोडमधली एक ओळ मुद्दाम मोड आणि टेस्ट लाल होते का बघ — दोन नंबरातली न पेटलेली टेस्टही हिरवीच होती ना? जिला लाल होता येत नाही, ती टेस्ट म्हणजे रिकाम्या घराचं कुलूप.