थंडीच्या दिवसांतील कयाकविहार

रायपूरच्या पुरानी बस्तीला पाणी नवे नाही. बुढा तालाब, महाराजबंध, कंकाली तालाब ही नावे येथे पत्ता सांगताना सहज तोंडी येतात. त्यांपैकी महाराजबंध मराठ्यांच्या अमदानीत एका इजारदाराने बांधविला आणि त्याच्याजवळचे रामचंद्राचे मंदिर बिंबाजी भोसले यांनी १७७५ मध्ये उभारले, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आढळते. मात्र तलावाच्या पायऱ्यांवर बसणे निराळे आणि वल्हे हाती घेऊन पाण्यात शिरणे निराळे. त्यासाठी मोकळे, विस्तीर्ण पाणी हवे. तसे पाणी रायपूरपासून सुमारे ९० किलोमीटरवर, धमतरीपलीकडे गंगरेल येथे आहे.

सिहावाच्या डोंगरात उगम पावणाऱ्या महानदीवर हे धरण १९७० च्या दशकात बांधले गेले. त्याच्या जलाशयाला रविशंकर सागर म्हणतात. पुष्कळ गावे या पाण्याखाली गेली. त्यांच्यापैकी एका गावातील अंगारमोती देवीचे ठाणे काठावर आणून वसविले आहे. पावसाळा सरला की जलाशय भरलेला असतो, ऊन सौम्य असते. समजा, बस्तीतील सहा मित्रमैत्रिणींनी डिसेंबरातील एका रविवारी येथे कयाक चालवावयाचे ठरविले. त्यांना काय ठाऊक असावयास हवे?

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इनुइट लोकांची होडी. वाहत आलेल्या लाकडांचा व हाडांचा सांगाडा, त्यावर ताणून शिवलेले सीलचे कातडे आणि मधोमध एका माणसापुरते भोक, अशी तिची रचना असे. शिकारी तीत पाय पुढे पसरून बसे आणि दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे आळीपाळीने डावीकडे व उजवीकडे चालवी. विदर्भात ज्यांना ढीवर म्हणतात त्यांच्यासारखेच छत्तीसगढातील केवट आपला डोंगा चालवितात. पण डोंग्यात माणूस पाण्याच्या वर असतो, कयाकमध्ये तो जणू पाण्यातच बसलेला असतो. कयाकच्या शर्यती १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून होत आल्या आहेत. आता कातड्याच्या जागी प्लॅस्टिक किंवा फायबर आले आहे. इनुइट शिकाऱ्याचा कातडी अंगरखा मात्र होडीच्या भोकाच्या कडेला घट्ट बांधलेला असे, त्यामुळे पाणी आत शिरत नसे. आपण होडी उचलली, अंगरखा तेथेच राहिला.

ही गोष्ट लहान नाही. हिवाळ्यातील पहाटे जलाशयावर वाफ तरंगताना दिसते, कारण त्या वेळी पाणी हवेपेक्षा उबदार असते. हात बुडवून पाहावा तर ते कोमट लागते, आणि येथेच फसगत होते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेते. गंगरेलचे पाणी ध्रुवप्रदेशातील पाण्याइतके जीवघेणे नव्हे हे खरे. तरीही भिजलेल्या अंगावर वारा लागत राहिला की बोटे वळेनाशी होतात, बोलणे अडखळू लागते, आणि ज्याचे असे होते त्याच्या ते लक्षात येईलच असे नाही. म्हणून पोशाख हवेचा नव्हे, पाण्याचा विचार करून करावा. सुती बनियन आणि जीन्स पाणी धरून ठेवतात; लोकरीचे किंवा चटकन वाळणारे कृत्रिम धाग्याचे कपडे बरे. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून प्रत्येकाने जवळ ठेवावा.

थंड पाण्यात अचानक पडलेला माणूस नकळत मोठा श्वास ओढतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही गुदमरतो. लाइफ जॅकेट मुख्यतः त्या पहिल्या मिनिटासाठी असते. दुपारी ऊन चढले की ते काढून मागे टाकण्याचा मोह होतो. पाणी मात्र सकाळचेच असते.

सहा जण निघाले तर एका जाणत्याने पुढे आणि दुसऱ्याने सर्वांत मागे राहावे. हाक वाऱ्यात विरते, म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात शिटी असावी. जाताना वारा समोरून घ्यावा, म्हणजे हात थकलेले असताना तो पाठीशी राहतो. कोणी उलटलाच तर त्याने होडी सोडू नये. काठ दिसतो त्याहून नेहमीच दूर असतो. सोबत्याने आपली कयाक उलटलेल्या कयाकच्या टोकाशी आडवी आणावी, ते टोक आपल्या होडीवर ओढून आतले पाणी सांडू द्यावे, मग ती सुलटी करून शेजारी घट्ट धरावी. पडलेला माणूस दोन्ही होड्यांचा आधार घेऊन पोटावर सरकत आत येतो. ही कृती वाचून येत नाही. काठाजवळ, छातीइतक्या पाण्यात, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली ती प्रत्येकाने दोन्ही बाजूंनी करून पाहावी. म्हणजे एकदा पडणारा होऊन आणि एकदा वाचविणारा होऊन.

याहून अवघड आहे ते एक साधे वाक्य: "मला थंडी वाजते आहे." मित्रांच्या मेळ्यात थट्टेला फार बळ असते. सर्वांचा दिवस आपल्यामुळे फुकट जाईल या संकोचाने कुडकुडणारा गप्प राहतो आणि हसून वल्हे मारीत राहतो. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वीच ठरवावे की कोणीही "फिरू या" म्हटले तर कारण न विचारता सहाही होड्या फिरतील. मागच्या जाणत्याचे खरे काम हेच, की ज्याचे बोलणे कमी झाले आहे त्याच्याकडे लक्ष ठेवावे.

काठावर आल्यावर आधी ओले कपडे बदलावे, नंतर गरम, गोड चहा. मद्याने ऊब येते हा समज खोटा आहे. त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून आतली उष्णता उलट बाहेर जाते.

शब्दार्थ : इजारदार – सारावसुलीचा मक्ता घेणारा; ठाणे – देवतेचे स्थान; डोंगा – लहान होडी.

पाठगत प्रश्न
१. पहाटे जलाशयावर वाफ का दिसते? तिच्यामुळे कोणती फसगत होते?
२. उलटलेल्या माणसाने होडी का सोडू नये?
३. आपल्या गावातील एखाद्या तलावाचे नाव कसे पडले, ते वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.