दीर्घजीवी तबकड्या आणि आपल्या नोंदींची सवीर्यतावधी

इ. स. १८९० मध्ये मध्य आशियातील कुचा येथे भूर्जपत्रांवर लिहिलेली एक पोथी उपलब्ध झाली. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात ती ‘बॉवर हस्तलिखित’ या नावाने जतन केलेली आहे. लसणाचे गुणवर्णन आणि ‘नावनीतक’ हा योगसंग्रह तिच्यात आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची ती अक्षरे वाचण्यास त्या लिपीचा जाणकार आणि पुरेसा उजेड एवढेच लागते.

याउलट प्रस्तुत लेखकाचा स्वतःचा अनुभव आहे. २००४ मध्ये वडिलांच्या अनुभूत योगांच्या वहीची छायाचित्रे एका सीडीवर व तिची टंकलिखित प्रत दुसऱ्या सीडीवर घेतली आणि आता हे धन सुरक्षित झाले असे समाधान मानले. पुढे मूळ वही वाळवीने खाल्ली. २०१६ मध्ये सीडी बाहेर काढल्या तेव्हा पहिली संगणकास वाचताच आली नाही. दुसरी उघडली, परंतु जुन्या फाँटमधील मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हांच्या ओळी दिसल्या. काही योगांचे प्रमाण आता कोणालाच सांगता येणार नाही. आपल्या रुग्णपत्रकांवर, कल्पांच्या पाठांवर व औषधनिर्मितीच्या नोंदींवर अशी वेळ येऊ नये, यासाठी हा विचार मांडीत आहे.

तबकडी कशाने क्षीण होते?

घरी लिहिता येणाऱ्या साध्या सीडीत पॉलिकार्बोनेटच्या चकतीवर सेंद्रिय रंगद्रव्याचा थर, त्यावर चांदीसारख्या धातूचा परावर्तक थर आणि शेवटी संरक्षक लाखेचा पातळ लेप असतो. लेसर किरणाच्या उष्णतेने रंगद्रव्यात ठिकठिकाणी बदल होतो. त्या जागी प्रकाश कमी परावर्तित होतो आणि यंत्र या फरकावरून अक्षरे ओळखते. उष्णता, आर्द्रता व सूर्यप्रकाश यांनी हेच रंगद्रव्य कालांतराने आपोआप बदलू लागते व फरक पुसट होतो. सीडीचा परावर्तक थर वरच्या बाजूस, लेबलाच्या लगत असल्याने टोकदार लेखणीने किंवा सोलून काढलेल्या चिकटपट्टीनेही तो दुखावतो. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मध्ये असल्याने अधिक सुरक्षित असतो.

रसशाळा चालविणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गंधकाच्या संयुगांनी चांदी काळवंडते. इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथे १९८८ ते १९९३ या काळात तयार झालेल्या काही संगीत-सीडी सोबतच्या पुस्तिकेच्या कागदातील गंधकामुळे तांबूस पडून निकामी झाल्या. तेव्हा जेथे गंधकाची शुद्धी वा कूपीपक्व कल्पांची भट्टी चालते, तेथे तबकड्या ठेवणे सर्वथा अयोग्य होय.

हजार वर्षांचा दावा

यावर उपाय म्हणून अमेरिकेतील युटा राज्यातील मिलेनियाटा कंपनीने ‘एम-डिस्क’ आणली. तिच्यात सेंद्रिय रंगद्रव्याऐवजी पाषाणसदृश असेंद्रिय थर असून लेसर त्यात कायमचे खड्डे पाडतो. ही तबकडी हजार वर्षे टिकेल असा कंपनीचा दावा होता. २००९ मध्ये अमेरिकी नौदलाच्या चायना लेक येथील केंद्रात ८५ अंश सेल्सिअस तपमान, ८५ टक्के आर्द्रता व तीव्र प्रकाश अशा स्थितीत झालेल्या चाचणीत इतर डीव्हीडी निकामी झाल्या. एम-डिस्क मात्र टिकून राहिली. परंतु फ्रान्सच्या राष्ट्रीय मापनशास्त्र प्रयोगशाळेने २०१२ मध्ये ९० अंश तपमान व ८५ टक्के आर्द्रतेत केलेल्या चाचणीत ती साध्या डीव्हीडीहून अधिक टिकली नाही.

हा विरोध आपणांस अपरिचित वाटू नये. ४० अंश तपमान व ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून औषधाची स्थिरता पाहण्याची रीत औषधनिर्मात्यांच्या परिचयाची आहे. असा निष्कर्ष हे अनुमान असते, प्रत्यक्ष नव्हे. चूर्ण टिकले तरी डबीचे झाकण निसटल्यास उपयोग नसतो. त्याचप्रमाणे असेंद्रिय थर टिकला तरी भोवतीचे पॉलिकार्बोनेट व चकत्या जोडणारा चिकटद्रव यांचे आयुष्य वेगळे असते.

शार्ङ्गधराने चूर्णाची सवीर्यता दोन महिने, गुटिका व अवलेहाची एक वर्ष सांगितली. आसव, धातू व रस मात्र जुने होतील तसे गुणवान होतात असे म्हटले. हाच दृष्टांत घ्यावयाचा तर रंगद्रव्याची सीडी चूर्णासारखी आणि असेंद्रिय थराची तबकडी भस्मासारखी. मात्र एकही तबकडी जुनी झाल्याने अधिक गुणवान होत नाही, एवढा भेद विसरू नये.

तबकडीची तीन आयुष्ये

पहिले आयुष्य पदार्थाचे, दुसरे वाचनयंत्राचे व तिसरे लिपीचे. मिलेनियाटा कंपनी २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली. पुढे इतरांनी ही तबकडी चालू ठेवली. सोनी कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिण्यायोग्य ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन बंद केले. नवीन संगणकांत तबकडीचा खण क्वचितच आढळतो. हजार वर्षे टिकणारी तबकडी वाचणारे यंत्र पन्नास वर्षांनी मिळेलच, याची हमी कोणीही देऊ शकत नाही. तिसरे आयुष्य आपण मराठी लिहिणाऱ्यांनी विशेष जपावे. युनिकोडपूर्व फाँटमधील मजकूर त्या फाँटसोबतच लुप्त होतो.

व्यवहारात काय करावे?

१. असेंद्रिय थराची, एकदाच लिहिता येणारी ब्लू-रे तबकडी निवडावी. ‘एलटीएच’ अशी खूण असलेल्या तबकडीत सेंद्रिय रंगद्रव्य असते, ती टाळावी. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी तबकडी संग्रहासाठी वापरू नये. डीव्हीडी स्वरूपातील एम-डिस्क लिहिण्यास तिला अनुरूप यंत्र लागते.

२. २५ जीबीच्या एका तबकडीवर, प्रत्येक पान अर्धा एमबी धरल्यास, सुमारे ५०,००० पाने मावतात. पानांची चित्रे पीडीएफ वा टिफ स्वरूपात आणि टंकलिखित मजकूर युनिकोडमध्ये ठेवावा. लिहून झाल्यावर पडताळणी अवश्य करावी.

३. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेनुसार तबकड्या डबीत, पुस्तकाप्रमाणे उभ्या, थंड, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवाव्यात. आर्द्रता २० ते ५० टक्के असावी. कोकणातील पावसाळ्यात हे अवघड आहे. तेथे हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात. चिकट लेबल लावू नये. पाण्यावर आधारित शाईने लिहावे.

४. तीन प्रती, दोन निरनिराळ्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी असावी. यूएसबीने जोडता येणारे एक वाचनयंत्र सोबत जपून ठेवावे.

५. रुग्णांची माहिती कूटबद्ध करावी व तिची किल्ली विश्वासू व्यक्तीजवळ लेखी ठेवावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने अशा माहितीच्या सुरक्षिततेची जबाबदारी ती बाळगणाऱ्यावर टाकली आहे. एकदाच लिहिलेली तबकडी पुसता येत नाही. कालबाह्य झाल्यावर तिचे तुकडे करावेत.

६. वर्षातून एकदा प्रत्येक तबकडी उघडून काही पाने वाचावीत व दर पाच वर्षांनी नवी प्रत करावी.

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. ग्रंथ टिकले ते केवळ पत्रांच्या गुणाने नव्हे. प्रत्येक पिढीत कोणीतरी बसून नवी प्रत केली म्हणून बहुतेक संहिता आपल्यापर्यंत पोहोचल्या. उत्तम तबकडी या कामास अवधी मिळवून देते, त्यातून सुटका देत नाही. धन्वंतरी जयंतीस पूजनानंतर अर्धा तास या तपासणीस द्यावा, अशी सर्व वैद्यबंधू-भगिनींना व औषधनिर्मात्यांना नम्र विनंती आहे. आणि मूळ वही, कितीही जीर्ण झाली असली तरी, टाकू नये.